शब्बाथला पेटलेली भट्टी

त्या वर्षी उन्हाळा आमच्या खोऱ्याकडे फिरकलाच नाही. मे महिन्यात मेंढ्यांच्या पाठीवर बर्फ होतं, ऑगस्टात ओट हिरवाच उभा होता, आणि ऑक्टोबर निम्मा सरला तेव्हा आम्ही कमरेपर्यंत भिजून तो कापत होतो. पेंढी पिळली तर पाणी निघायचं. "कापतोय का धुतोय गं?" असं बायका एकमेकींना विचारायच्या आणि हसायच्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या ड्रमलोख वस्तीच्या सात घरांतून चार जणांना आम्ही पुरलं. त्यात माझी धाकटी लेक होती. तिचं नाव मी इथे घेणार नाही.

ओला ओट जात्यावर चालत नाही. चिकटतो, आंबतो, दोन दिवसांत मोड येतात. त्याला आधी भट्टीवर सुकवावं लागतं. आमची भट्टी टेकडीच्या उतारात होती. खाली विहिरीसारखा दगडी खड्डा, वर लाकडी दांड्या, दांड्यांवर पेंढा, पेंढ्यावर ओट, आणि खड्ड्याच्या तोंडाशी दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट-मातीची धुमसती आग. आग थोडी कमी झाली तर ओट शिजून गिच्च होतो. थोडी जास्त झाली तर पेंढा पेट घेतो आणि सात घरांचं वर्ष बघता बघता राख होतं.

ही भट्टी चालवायची ग्रिझेल मॅकक्लर्ग. आधी तिचा नवरा चालवायचा. तो तापाने गेला, त्याला मातीआड करून लोक घरी पोचायच्या आत ग्रिझेल त्याचं लाकडी फावडं घेऊन भट्टीवर उभी होती. कुणी तिला नेमलं नाही आणि कुणी हटकलंही नाही. उंच, हाडकुळी बाई, भुवया धुराने कायमच्या जळालेल्या. तोंडात उजवीकडे एकच दाढ शाबूत. ओट सुकला की नाही ते ती त्या दाढेने ठरवायची. दाणा दाढेखाली धरायचा, दाबायचा. कट्ट वाजलं की झालं. नुसता दबला की अजून वेळ आहे. पाळकाच्या प्रवचनापेक्षा त्या दाढेवर आमचा विश्वास जास्त होता, हे तेव्हा कुणी तोंडाने बोललं नसतं.

त्या आठवड्यात पाऊस शुक्रवारपर्यंत हटला नाही. शनिवारी सकाळी आम्ही साती घरांनी मिळून जे होतं ते भट्टीवर घातलं. थर जाड झाला. ग्रिझेल म्हणाली, "लई झालं. दोन खेपा करू." पण दुसऱ्या खेपेला दिवस कुठून आणायचा? सोमवारपर्यंत गोणीतला ओट सडला असता. शब्बाथ, म्हणजे देवाचा विसाव्याचा रविवार, शनिवारी सूर्य मावळताना लागतो असं आमच्याकडे मानत. आग तोवर काढून टाकायची, हा नियम.

सूर्य मावळतीला आला. म्हणजे ढग करड्याचे काळे झाले. ग्रिझेलने मूठभर ओट उचलला, एक दाणा दाढेखाली धरला. आम्ही तिच्या जबड्याकडे बघत उभे होतो. काही वाजलं नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? आग काढली तर सकाळपातूर सगळं घामेजून जाईल. सोमवारी डुकरांना घाला."

"शब्बाथ लागला, ग्रिझेल."

"एफी, तुजी गोनी कुटली ह्ये मला ठाव हाय. तुला नको आसंल तर तुजा ओट उपस आन् घिऊन जा."

मी काही उपसलं नाही. कुणीच उपसलं नाही. आम्ही एकमेकांकडे न बघता उतार उतरून घरी गेलो, दिवा लावला आणि प्रार्थनेला बसलो. भट्टीचा धूर दाराच्या फटीतून आत येत होता आणि आम्ही मोठ्याने स्तोत्र म्हणत होतो.

रविवारी चर्चमध्ये पहिलं स्तोत्र झालं की चर्चची शिस्त सांभाळणारे दोन पंच उठून बाहेर पडायचे. कोण घरी राहिलंय, कोण दारू पितंय, कोण मासे धरतंय, हे बघत वस्त्या हिंडायचं. त्या दिवशी पाळी होती निनियन गॉर्लीची आणि पॅट्रिक हेरनची. प्रवचन दोन तासांचं होतं. ते संपायला आलं तेव्हा दोघे परतले. निनियनच्या उजव्या बाहीला काजळी होती. मी माझ्या तिवईवर बसले होते, बायका सगळ्याच आपापल्या तिवया घेऊन यायच्या, आणि ती काजळी माझ्या नजरेतून सुटली नाही. मी ग्रिझेलसाठी घाबरले असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मी माझ्या ओटासाठी घाबरले होते. ह्यांनी भट्टी विझवली तर नसेल?

विझवली नव्हती. निनियन वाईट माणूस नव्हता. तो लबाड असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याच्या थोरल्या भावाला राजाच्या घोडेस्वारांनी माळावर गोळी घातली होती, रविवारी, उघड्यावरच्या प्रार्थनेहून येताना. तेव्हा राजाने आमच्यावर बिशप लादले होते आणि आमच्या पद्धतीने देवाला हाक मारणं हा गुन्हा होता. त्याला आता बारा वर्षं झाली होती. आमचं चर्च आम्हाला परत मिळालं होतं, बाकावर आमचेच पंच बसत होते, आणि निनियनच्या लेखी प्रत्येक रविवार भावाच्या रक्ताने विकत घेतलेला होता. अशा माणसाशी वाद घालणं अवघड असतं.

गुरुवारी पंच बसले. ग्रिझेलला बोलावणं आलं आणि साक्षीला आम्हा बाकीच्या सहा घरांना.

पाळक तरुण होता, ग्लासगोला शिकलेला. हात पांढरे, आवाज स्वच्छ. त्याने विचारलं, "ग्रिझेल मॅकक्लर्ग, शब्बाथच्या दिवशी तू भट्टीवर काम करत होतीस, हे खरं?"

"खरं."

"सूर्य मावळायच्या आत आग काढायची, हा नियम तुला ठाऊक नव्हता?"

"मला ठाव व्हता. ओटाला ठाव न्हवता."

कुणीतरी नाकातून हसलं. निनियनने मान वळवली तसं हसू गिळलं गेलं.

"सायेब," ग्रिझेल म्हणाली, "शब्बाथला जनावर खड्ड्यात पडलं तर काडायचं, ह्ये तुमीच शिकवलंय. आमची सात घरं खड्ड्यात व्हती."

"जनावर काढायला घटकाभर वेळ लागतो. तू सबंध दिवस फावडं चालवलंस."

"जनावर जड व्हतं, सायेब."

पाळकाचे कान लाल झाले. मग निनियन बोलला, हळू, जमिनीकडे बघत. "ग्रिझेल, तुज्या सासऱ्याचे आंगठे त्या घोडेस्वारांनी कशापायी चेचले, इसरलीस? आपन हा दिवस असाच सोडायचा आसता तर तवाच सोडला आसता."

"निनियनदादा, तवा पोट भरलेलं व्हतं आपलं."

"न्हवतं," निनियन म्हणाला. "तवा बी न्हवतं." आणि हे खरं होतं.

मग माझी पाळी. पाळकाने विचारलं, "एफी ब्लेन, तुझा ओट त्या भट्टीत होता?"

"व्हता."

"रविवारी आग चालू राहणार, हे तुला माहीत होतं?"

ग्रिझेल माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. दाणा दाढेखाली धरल्यावर वाट बघायची तशी ती बघत होती. आणि मी म्हटलं, "न्हाई, सायेब. मला वाटलं इझवली आसंल."

तिने मान फिरवली. माझ्यानंतर बाकीच्या पाच घरांनीही तेच सांगितलं. माझ्याच शब्दांत सांगितलं, म्हणजे पहिली मीच.

निकाल लागला. तीन रविवार पश्चात्तापाच्या बाकड्यावर बसायचं, अनवाणी, गोणपाट घालून, सगळ्या चर्चसमोर. तिसऱ्या रविवारी उभं राहून म्हणायचं, "मी पाप केलं आणि मला पश्चात्ताप होतो." म्हटलं की मिटलं. नाही म्हटलं तर मंडळीतून बाहेर. आणि आमच्या जमीनदाराने सांगूनच ठेवलं होतं, ज्याला चर्चने बाहेर काढलं त्याला माझ्या जमिनीवर झोपडी नाही. मे महिन्यात खंडाची मुदत संपली की घर खाली करायचं. जायचं कुठे? पाळकाच्या सहीचा दाखला नसेल तर दुसऱ्या कुठल्या चर्चची हद्द उभंसुद्धा करत नाही.

"एक वाक्य तर हाय," मी परतताना तिला म्हटलं. तिच्या मागे मागे चालत होते मी, कुत्र्यासारखी. "म्हनून टाक की."

"तू आज एक म्हनलंस," ती म्हणाली. "कसं लागलं?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

घरी तिला वेगळीच शिक्षा होती. तिचा सासरा क्विंटिन तिच्याजवळच राहायचा. सत्तरीच्या पुढचा, डोळ्यांत पडदा आलेला. घोडेस्वारांनी त्याच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून त्याला विचारलं होतं, प्रार्थना कुठे भरते, सांग. त्याने सांगितलं नाही. अंगठे वाळलेल्या मुळ्यांसारखे वाकडे राहिले ते कायमचे. लापशीचा चमचा तो दोन तळहातांत धरायचा. अख्ख्या खोऱ्यात त्याला मान होता. तो चर्चमध्ये शिरला की माणसं बाजूला सरायची.

त्याने त्या ओटाची लापशी खायला नकार दिला.

"शब्बाथला सुकवल्याला दाना माज्या तोंडात जानार न्हाई," त्याने वाडगा सारून सांगितलं. ग्रिझेलकडे दुसरं धान्य नव्हतं. तिने त्याला कोबीची पानं उकडून दिली. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने त्याच्या गालाची हाडं दिसायला लागली. गाय आटत आलेली, ती जे ओंजळभर दूध द्यायची तेही त्यालाच जायचं.

एकदा मी पाणी द्यायच्या निमित्ताने गेले तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"मामंजी, दोन घास खावा. मरशीला."

"मरीन. म्या त्यांच्या चापात मरायला तयार व्हतो, तुज्या कोबीवर बी मरीन."

"तुमी त्यांना न्हाई म्हनला, तवा लोकांनी तुमाला खांद्यावर घितलं. म्या न्हाई म्हनलं तर बाकडं?"

"म्या देवासाटी म्हनलं."

"म्या तुमच्यासाटी म्हनलं. तुमच्या आन् त्या एफीच्या पोरांसाटी. देवाला ओट लागत न्हाई, मामंजी, त्याचं चालतंय." तिने वाडगा उचलला आणि चुलीजवळ आपटून ठेवला. "न्हाई म्हनायला म्या तुमच्याकडनंच शिकली. आता तुमीच मला हो म्हनायला लावू नगा."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. माझ्या हातातली बादली जड झाली होती. माझी दोन्ही पोरं त्या वेळी घरी तीच लापशी खात होती आणि त्यांच्या पोटऱ्यांवर मांस धरत होतं. मी घरी जाऊन त्यांच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली आणि मग रडले.

पहिल्या रविवारी चर्चचं गोणपाट तिच्यापुढे आलं. कसर लागलेलं, किती जणांच्या घामाचं. तिने ते बोटाने बाजूला केलं. "माजं म्या आनलंय." शालीखाली तिने ओटाची गोणी घातली होती, भोकं पाडून, डोकं आणि हात बाहेर काढून. गोणीला भट्टीच्या धुराचा वास होता. तो वास सगळ्या चर्चभर पसरला, आणि ज्याच्या त्याच्या पोटाने तो ओळखला. पाळकाने शब्बाथ मोडणाऱ्यांवर प्रवचन दिलं. ग्रिझेल ताठ बसली होती. बाकडं लांब होतं, तीन माणसं बसतील एवढं, आणि ती बरोब्बर मधोमध बसली होती. पायाची बोटं थंडीने निळी पडली होती. पॅट्रिक हेरनची बायको शेजारणीच्या कानात म्हणाली, "बग की, जनू दरबारात बसलीय." खरंच तशी बसली होती.

दुसऱ्या रविवारी गारा पडल्या. छपरातून पाणी नेमकं बाकड्यावर गळत होतं. ती सरकली नाही. पाणी तिच्या केसांतून गोणीत उतरत राहिलं आणि पाळक दर थोड्या वेळाने ओळ चुकत राहिला. त्याने खूण केली, बाजूला हो. तिने मान हलवली. नको म्हणायची तिला आता सवयच झाली होती.

आता निनियनचं. त्याचं मोठं शेत डोंगरावर होतं, सगळ्यांत उंच. तिथला ओट सगळ्यांत शेवटी पिकतो. ऑक्टोबरअखेर त्यावर बर्फ पडलं आणि पीक आडवं झालं. तो आणि त्याची बायको आणि नऊ पोरं गुडघ्यांवर बसून बर्फाखालून ते विळ्याने खरवडून काढत होती. मी लांबून बघायचे. निनियनचे हात फुटून रक्त यायचं आणि पेंढ्यांवर लाल डाग पडायचे. कापून झालं, झोडून झालं, तेव्हा तिसऱ्या रविवारच्या आधीचा शनिवार उजाडला होता. त्या दिवशी पाऊस नव्हता. निनियन घोड्यावर गोण्या लादून भट्टीपाशी आला.

मी तिथे ग्रिझेलला पेंढा पसरायला मदत करत होते. ती बोलत नसली तरी हाकलतही नव्हती.

निनियन टोपी काढून उभा राहिला. पंच असून टोपी काढली, हे मी लक्षात ठेवलं. "ग्रिझेल, सालभराचं हाय. बियानं बी त्यातच हाय."

तिने गोणीत हात घातला, मूठ दाबली. बोटांतून पाणी आलं. "सोमवारी का न्हाई आनत?"

"रातीच मोड दिसाय लागले. सोमवारपातूर ऱ्हात न्हाई."

"आज संध्याकाळपातूर सुकत न्हाई, निनियनदादा. म्या आताच सांगते."

"थर पातळ कर. आग वाडव."

"पेंढा पेटंल."

"तू करशील," तो म्हणाला. "तुला येतं."

तिने केलं. दिवसभर केलं. मी पीट आणून देत होते, ती फावड्याने उलटत होती, आणि निनियन आणि त्याची बायको गोण्या रिकाम्या करत होते. ग्रिझेलने हात आखडता घेतला असता तर मला तेही समजलं असतं, पण तिने घेतला नाही. घाम तिच्या नाकावरून ओटावर पडत होता आणि ती शिव्या देत ओटालाच म्हणत होती, "सुक, मेल्या, सुक."

ढग काळे व्हायला लागले. तिने दाणा दाढेखाली धरला. निनियन तिच्या जबड्याकडे बघत होता, महिन्यापूर्वी आम्ही बघत होतो तसाच. काही वाजलं नाही.

निनियनने ढगांकडे बघितलं. "सोमवारपातूर ऱ्हाईल का? आग न ठेवता?"

"आमचा ऱ्हायला आसता का?"

ग्रिझेलने फावडं उलटं धरून दांडा त्याच्यापुढे केला. "उद्या माजा तिसरा रविवार हाय. तुमीच बोलावलंय, मला यायलाच पायजे. म्हनून नीट ऐकून घ्या. आग राखंखाली दाबून ठेवा, ज्वाळ दिसली की वल्ली माती टाका. फावडं खालून घाला, वरनं न्हाई. मधला ओट कडंला, कडंचा मदी. दर घटकेला. दाना दातात धरा. कट्ट वाजलं की थांबा." मग तिने शाल झटकून अंगावर घेतली. "न्हाई तर आग काडा. ती कुटनं काडायची ह्ये तुमाला ठाव हाय. तुमचा ओट, तुमचा शब्बाथ. म्या काय सांगू?"

"ग्रिझेल," तो म्हणाला. एवढंच.

ती उतारावरून निघाली. मी तिच्या मागे. अर्ध्या वाटेवर मी वळून बघितलं. निनियन फावडं हातात घेऊन उभा होता, आणि त्याची बायको त्याच्या दंडाला धरून काही म्हणत होती. वाऱ्याने ते ऐकू आलं नाही.

तिसऱ्या रविवारी आकाश निवळलं होतं. अंधाऱ्या चर्चमध्ये उजेड यावा म्हणून दक्षिणेचं दार उघडं ठेवलेलं. त्या दारातून टेकडी दिसते. मी आत शिरले तीच क्विंटिनचा हात धरून. तो इतका हलका झाला होता की वाऱ्यात त्याला दोन्ही हातांनी धरावं लागलं. बाकड्यावर ग्रिझेल गोणीत बसली होती. पाळकाच्या पायाशी पंचांचा बाक होता आणि त्यावर एक जागा रिकामी होती.

सगळ्यांनी ती जागा बघितली. मग एकेक करून माना दाराकडे वळल्या. टेकडीच्या उतारावरून धूर वर चढत होता. वारा नव्हता. धूर सरळ, जाड, करडा, आणि तो आहे हे न दिसायला आंधळंच असावं लागलं असतं.

आंधळा आमच्यात होता. क्विंटिनने नाक वर केलं आणि कान मंद असणाऱ्यांच्या मोठ्या आवाजात विचारलं, "भट्टी चालू हाय. कुनाची गं?"

स्तोत्र झालं. आता दोन पंचांनी उठून वस्त्या बघायला जायचं. पॅट्रिक हेरन उठला, दारापर्यंत गेला, धुराकडे बघितलं, आणि परत येऊन जागेवर बसला. बुटावरचा चिखल खरवडत राहिला. पाळकाने ते बघितलं, आणि पाळकाने ते बघितलं हे आम्ही बघितलं.

प्रवचन त्या दिवशी तासाभरात आटपलं. पाळकाने पुस्तक मिटलं आणि बाकड्याकडे वळला. "ग्रिझेल मॅकक्लर्ग, उभी राहा. तीन रविवार तू देवासमोर आणि या मंडळीसमोर बसलीस. आता ते वाक्य म्हण."

ग्रिझेल उभी राहिली. तिच्या घोट्यांना थंडीने भेगा पडल्या होत्या. मला वाटलं, म्हणते आता. मला वाटलं, म्हणू दे एकदा, मे महिना टळू दे.

"सायेब," ती म्हणाली, "जरा थांबा. आजून एक जन यायचा हाय." आणि ती बसली. बसताना मधोमध नाही बसली. बाकड्याच्या टोकाला सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"हे काय चाललंय?" पाळकाचा आवाज चिरकला. "तू म्हणणार आहेस की नाही?"

"न्हाई. पर त्यो काय म्हनतो त्ये ऐकू तरी."

दारात सावली पडली. निनियन होता. कोपरापर्यंत काळा, दाढी करपलेली, डोळे लाल. बूट भट्टीपाशीच राहिले असावेत, तो अनवाणी होता. त्याने पंचांच्या बाकाकडे बघितलं, आपल्या रिकाम्या जागेकडे, आणि मला खात्री होती की तो तिकडे जाईल आणि आम्ही सगळे मान खाली घालून ते चालवून घेऊ. चालवून घ्यायला आम्ही तयारच होतो. पण तो सबंध चर्च ओलांडून गेला आणि ग्रिझेलच्या शेजारी जाऊन बसला. गुडघ्यांवर हात ठेवले.

पाळक काही बोलणार, तेवढ्यात ग्रिझेलने विचारलं. साध्या आवाजात, भट्टीवर विचारावं तसं. "वाळला का?"

निनियनने तिच्याकडे बघितलं. मग मुठीतला एक दाणा त्याने दातांत धरला. त्या शांततेत आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"वाळला," तो म्हणाला.

मी उठले. मी ठरवलं नव्हतं, गुडघ्यांनीच ठरवलं. तिवई उचलली, ती भिंतीला लागून मोठा आवाज झाला, आणि जाऊन बाकड्याला लागून ठेवली. "सायेब," मी म्हटलं, "म्या खोटं बोलले. मला ठाव व्हतं. आमाला सगळ्यांनाच ठाव व्हतं. आमी खाल्लं बी." माझा आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी विचारलं, काय म्हणली? तेव्हा मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि दुसऱ्यांदा सांगताना मला अजिबात लाज वाटली नाही. ड्रमलोखच्या आणखी तीन बायका तिवया घेऊन उठल्या. दोन घरं उठली नाहीत. त्यांची नावं मला माहीत आहेत, त्यांनाही माहीत आहेत.

पाळक उभाच होता. एका बाईला मंडळीबाहेर काढणं सोपं होतं. एक पंच आणि पाच घरं काढायची तर पुढच्या रविवारी प्रवचन कुणाला द्यायचं? त्याने आशीर्वाद दिला, घाईघाईने, अर्धा, आणि निघून गेला. पंचांच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे असं म्हणतात. मे महिना आला आणि गेला. ग्रिझेल त्याच घरात राहिली, तेच फावडं, तीच दाढ. निनियनने पंचाचं काम आपणहून सोडलं. त्याने पाप केलं असंच तो मरेपर्यंत मानत होता, आणि त्याचा ओट त्याच्या नऊ पोरांनी जूनपर्यंत खाल्ला.

पण त्या रविवारचं राहिलं. आम्ही क्विंटिनला दोघींनी मध्ये धरून घरी आणलं. ग्रिझेलने त्याला चुलीपाशी बसवलं आणि सवयीने कोबीची पानं तोडायला घेतली.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

तिने सुरी ठेवली.

"निनियनच्या भावाला गोळी लागली तवा म्या व्हतो तितं," म्हातारा म्हणाला. "मरताना त्यानं पानी मागितलं. रविवार व्हता. म्या हिरीवर जाऊन, बादली वडून, पानी आनलं. कुनी इचारलं न्हाई." मग त्याने चुलीची धग तळहातांवर घेतली. "लापशी दे."

ग्रिझेलने दिली. घाईत अर्धी चुलीत सांडली. त्याने दोन वाकड्या अंगठ्यांच्या हातांत चमचा धरला, पहिला घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला.

"धुरकट लागतीया," तो म्हणाला.

"थर जाड झाला व्हता," ती म्हणाली.

त्याने वाडगा चाटून पुसून पुढे केला.

"आजून वाड. आन् जरा घट्ट दे."